इंग्रज खेड्यातल्या शाळेचं लॉगबुक वाचताना

इंग्लंडमधल्या खेड्यांचे स्थानिक इतिहास चाळले, की चर्चचा मनोरा कोणत्या शतकातला, जमीनदाराचा वाडा कुणी बांधला, पबचं नाव कधी बदललं, हे सगळं सापडतं. त्याच गावातली मुलं दिवसभर काय करत होती, हे मात्र क्वचित सापडतं. सापडलं तरी ते वयस्क माणसांच्या आठवणींतून आलेलं असतं आणि त्यात सालं एकमेकांत मिसळलेली असतात. या दोन्ही अडचणींवर मला ठाऊक असलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गावच्या शाळेचं लॉगबुक, हेडमास्तरांनी वर्षानुवर्षं लिहिलेली नोंदवही. ते वाचण्याची एक रीत आहे. शाळेत आलेल्या मुलांबद्दल त्यात फारसं नसतं. वाचायच्या त्या गैरहजेऱ्या.

या वहीचा जन्म पैशाच्या हिशोबातून झाला, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. १८६२ साली सरकारचं शिक्षण खातं सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो यांच्या ‘रिवाइज्ड कोड’ या नियमावलीने शाळांचं सरकारी अनुदान हजेरीला आणि परीक्षेला बांधून टाकलं. सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग. शिवाय सहा वर्षांवरच्या, वर्षात २०० हून जास्त हजेऱ्या भरलेल्या मुलामागे आणखी ८ शिलिंग. पण हे ८ शिलिंग तपासनीस घेईल त्या वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या परीक्षेवर अवलंबून. एका विषयात मूल नापास झालं की २ शिलिंग ८ पेन्स कापले जायचे. शिलिंगात १२ पेन्स, म्हणजे तिन्ही विषय गेले की ८ शिलिंग साफ. हजेरी अर्ध्या दिवसाची मोजत, सकाळची एक आणि दुपारची एक. मास्तरांचा पगार पुष्कळ ठिकाणी याच अनुदानातून निघे. (ही पद्धत आपल्याकडेही आली होती. मुंबई इलाख्यातल्या तिच्या परिणामांची चर्चा १८८२ च्या हंटर आयोगापुढे झाली.)

त्याच नियमावलीने प्रत्येक अनुदानित शाळेला लॉगबुक ठेवायला लावलं. भक्कम बांधणीची, किमान ५०० आखीव पानांची वही. आधी रोज आणि पुढे आठवड्यातून निदान एकदा मुख्य शिक्षकाने नोंद करायची. घडलेलं लिहायचं, सर्वसाधारण मतं आणि विचार लिहायचे नाहीत, अशी स्पष्ट ताकीद होती. तपासनिसाच्या अहवालाचा सारांशही याच वहीत उतरवला जाई. म्हणजे हेडमास्तर लिहीत होते ते पुढे तपासनीस वाचणार हे जाणून. हजेरी घसरली तर कारण लेखी असलेलं बरं, म्हणून पाऊस, बर्फ, गोवर, बटाटे, जत्रा असं सगळं नोंदलं गेलं. मुलांच्या आयुष्याची ही नोंद कुणी ठरवून केलेली नाही, आणि तिची किंमत मला यामुळेच जास्त वाटते.

एक बारीक गोष्ट. फार पावसाच्या दिवशी पन्नासातली दहाबारा मुलंच आली, तर मास्तर कधीकधी हजेरी भरतच नसत आणि मुलांना घरी पाठवून देत. भरली असती तर वर्षाची सरासरी खाली आली असती. त्यामुळे हजेरीपटात तो दिवस कोरा दिसतो आणि लॉगबुकात त्याचं कारण सापडतं. हजेरीपटाच्या आकड्यांवर आलेख काढून मोकळं होणाऱ्यांची इथे फसगत होते.

आता गैरहजेऱ्यांचं वर्ष. शेतीच्या गावात ते जवळजवळ दर सालच्या लॉगबुकात त्याच क्रमाने फिरतं. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ, आणि बर्फापेक्षाही बूट. धड बूट नाहीत म्हणून मूल घरी, ही नोंद हिवाळ्यात पुन्हा पुन्हा येते. मजुराच्या घरी नव्या बुटांचे पैसे सुगीच्या जादा मजुरीतून येत, त्यामुळे शरदात आलेले बूट वसंतापर्यंत झिजून गेलेले असत. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलं शेतातले दगड वेचायला जात. ते दगड रस्त्यांच्या दुरुस्तीला लागत आणि मजुरी वेचलेल्या मापावर मिळे. पेरणी झाली की पाखरं राखायला पोरं शेतात. आपल्याकडे गोफण असते, तिथे लाकडी फळ्यांची टाळी किंवा खुळखुळा असे. आठ-नऊ वर्षांचं पोर दिवसभर एकटं बांधावर उभं राहून ते वाजवत बसे. एप्रिलमध्ये बटाटे लावणं आलं. १ मेला फुलांचे हार घेऊन दारोदार फिरायचं, त्यासाठी पुष्कळ ठिकाणी शाळेलाच अर्धी सुट्टी मिळे. जूनमध्ये गवतकापणी. लहान मुलांचं काम तेव्हा बापाला दुपारचं जेवण शेतावर पोचवण्याचं असे, आणि तेवढ्यापायी दुपारची हजेरी बुडे. म्हणूनच जूनमध्ये सकाळचा आणि दुपारचा आकडा वेगवेगळा पाहावा. त्या फरकातून गवतकापणी किती दिवस चालली हे कळतं.

ऑगस्टमध्ये सुगीची सुट्टी. तिची तारीख छापील नसे. गहू कधी पिकतो त्यावर शाळेचे व्यवस्थापक ती ठरवत, आणि सुगी लांबली की सुट्टीही लांबे. सुगीमागून सरवा. कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसं वेचायला बायका-मुलं उतरत. बऱ्याच गावांत त्यासाठी सकाळी आणि संध्याकाळी चर्चची घंटा वाजे. तान्हं मूल असलेल्या बाईलाही इतरांबरोबरच सुरुवात करता यावी, हा त्यामागचा न्याय. शेतात एक पेंढी उभी ठेवलेली असली, तर अजून आत उतरायचं नाही. ती पेंढी उचलली की शेत खुलं. सुट्टी संपून शाळा उघडली आणि सरवा चालूच असला, तर पहिल्या आठवड्याच्या नोंदीत तो दिसतोच. केंट, हेरफर्डशर, वूस्टरशरमध्ये सप्टेंबर म्हणजे बिअरसाठी लागणारे हॉप्स तोडण्याचा महिना. तिथल्या शाळांची मोठी सुट्टी या तोडणीला बांधलेली असे. ऑक्टोबरात बटाटे काढणं आणि डुकरांसाठी ओकची फळं गोळा करणं. स्कॉटलंडमध्ये बटाट्यांच्या या सुट्टीला नावच पडलं, ‘टॅटी हॉलिडेज’. नोव्हेंबर-डिसेंबरात जमीनदाराच्या शिकारीत तितर-फेझंट उठवण्यासाठी मोठी पोरं हाकारे म्हणून जात.

या साऱ्यात मुलगे दिसतात. मुली दिसायच्या असतील तर वार पाहा. सोमवारी कपडे धुवायचे असत, आणि मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राही. वर्षभराच्या गैरहजेऱ्या वारानुसार मांडल्या, तर मुलींचा सोमवार वेगळा उठून दिसतो. बेडफर्डशर, हर्टफर्डशर, बकिंगहॅमशर या भागात दुसरं कारण होतं, टोप्यांसाठी गव्हाच्या काडाच्या वेण्या विणणं. चार-पाच वर्षांची मुलंही ते करत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत चीन आणि जपानमधून स्वस्त वेण्या यायला लागल्या आणि हा धंदा बसला.

कायदे होते. १८६७ च्या कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलांना मुकादमाच्या टोळीत शेतकामाला नेण्यास बंदी केली. १८८० मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. १८९१ पासून बहुतेक प्राथमिक शाळांची फी गेली. त्याआधी दर सोमवारी एक-दोन पेन्स आणावे लागत आणि न आणणाऱ्याला घरी पाठवल्याच्या नोंदी आहेत. सक्ती आली तरी गैरहजेऱ्या थांबल्या नाहीत. दंड करणारे न्यायदंडाधिकारी आणि हजेरी समितीत बसणारे सभासद पुष्कळदा स्वतःच मोठे शेतकरी असत. ज्या मुलाच्या गैरहजेरीबद्दल तक्रार, ते त्यांच्याच शेतावर पाखरं राखत असे. मास्तरांनी नावं वरिष्ठांकडे पाठवली आणि पुढे काहीच झालं नाही, हा क्रम वर्षभर वाचला, की गावातली सत्ता कुणाच्या हाती होती हे वेगळं शोधावं लागत नाही.

लॉगबुकाची जोडीदार वही म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. आपल्या शाळांतल्या जनरल रजिस्टरासारखंच ते असतं: दाखल क्रमांक, तारीख, नाव, जन्मतारीख, पालक, पत्ता, आधीची शाळा, सोडल्याची तारीख आणि कारण. यात ऑक्टोबरच्या मध्याकडे नजर ठेवावी. सालगड्यांचे करार पुष्कळ भागांत मायकेलमसला, म्हणजे २९ सप्टेंबरच्या सणाला संपत. आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं, तसंच हे. पण १७५२ मध्ये कॅलेंडर बदलताना ११ दिवस गाळले गेले आणि कित्येक गावांनी करारांसाठी जुनाच हिशोब धरला, म्हणून बिऱ्हाडं हलत ती १०-११ ऑक्टोबरच्या सुमारास. काही भागांत हेच २५ मार्चच्या लेडी डेला होई, आणि जुन्या हिशोबाने ६ एप्रिलला. एकच मूल तीन-चार वर्षांत तीन शाळांच्या रजिस्टरांत सापडतं. ‘आमची पिढ्यान्‌पिढ्या एकच गाव’ ही इंग्रज खेड्याबद्दलची समजूत या एका रजिस्टराने मोडते. शेतमजुरांची मुलं सतत गाव बदलत होती, बहुधा पाच-दहा मैलांच्या आत.

लॉगबुकात काय येत नाही याचं सगळ्यात मोठं उदाहरण नॉरफकमधल्या बर्स्टनचं. टॉम आणि ॲनी हिग्डन हे शिक्षक जोडपं तिथे होतं. शाळेची ऊब, हवा, स्वच्छता यांबद्दल ते तक्रार करत आणि शेतमजुरांच्या संघटनेतही काम करत. पावसात भिजून आलेल्या मुलांचे कपडे वाळावेत म्हणून परवानगीशिवाय शेगडी पेटवली, हाही त्यांच्याविरुद्धचा एक आक्षेप झाला. दोघांना बडतर्फ केलं गेलं. १ एप्रिल १९१४ रोजी ७२ पैकी ६६ मुलं शाळेबाहेर पडून मिरवणुकीने निघाली. आईबापांनी ती परत पाठवली नाहीत. आधी गावच्या हिरवळीवर, मग सुताराच्या कारखान्यात वर्ग भरले, आणि १९१७ मध्ये देशभरातल्या कामगार संघटनांच्या वर्गणीतून नवी इमारत उभी राहिली. ही संपाची शाळा १९३९ पर्यंत चालली, आणि आज तिथे संग्रहालय आहे. एवढ्या घटनेची अधिकृत शाळेच्या वहीतली बाजू मालकाचीच असणार. म्हणून वाद झालेल्या शाळेत लॉगबुकावर थांबू नये. व्यवस्थापकांच्या बैठकांचे वृत्तान्त, जिल्ह्याचं वृत्तपत्र आणि संघटनेचे कागद त्याच्याशेजारी ठेवावेत.

युद्धकाळाच्या नोंदी फार बोलक्या आहेत. १९१७ च्या शरदात मुलांना घोडा-चेस्टनटची फळं गोळा करायला सांगितलं गेलं. इंग्रज पोरं ज्यांना दोरीत ओवून एकमेकांवर आपटतात तेच हे ‘काँकर’. दर हंड्रेडवेटला, म्हणजे ११२ पौंडांना, ७ शिलिंग ६ पेन्स. त्यातून ॲसिटोन काढायचं होतं आणि ॲसिटोन तोफगोळ्यांच्या कॉर्डाइट या दारूला लागे. मुलांना हे कारण सांगितलं नव्हतं. किंग्ज लिनच्या कारखान्यात सुमारे ३,००० टन पोचले. वाहतूक अपुरी पडल्यामुळे बाकीचे ढीग रेल्वे स्थानकांवर कुजले आणि ॲसिटोनही मनाजोगं निघालं नाही. १९१८ मध्ये सैन्याच्या जॅमसाठी ब्लॅकबेरी वेचायला शाळांनी दुपारच्या दुपार सोडल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, रानगुलाबाची फळं आली. संत्री मिळेनाशी झाली होती आणि त्या फळांच्या सिरपातून मुलांना सी जीवनसत्त्व मिळे. १ सप्टेंबर १९३९ पासून शहरांतली मुलं खेड्यांत आली. पटसंख्या एका आठवड्यात दुप्पट झाल्याने काही शाळा दोन पाळ्यांत भरू लागल्या, गावची मुलं सकाळी, शहरची दुपारी. यातली पुष्कळ मुलं नाताळपर्यंत परत गेली. ‘युद्धभर ती आमच्याकडे होती’ अशी आठवण कुणी सांगितली, तर दाखल-खारीज रजिस्टरातली तारीख आधी पाहावी.

आठवणींकडे आता वळतो. लॉगबुकाचा उपयोग आठवणी खोट्या पाडायला करू नये, त्यांना तारीख द्यायला करावा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन हिवाळ्यांचा. १९४७ चा हिवाळा जानेवारीच्या शेवटी सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत चालला. १९६२-६३ चा नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाला आणि मार्चच्या सुरुवातीला सरला. सांगणाऱ्याच्या आठवणीत नाताळची सुट्टी असेल, तर बहुधा दुसरा. कोळसा नव्हता म्हणून शाळा बंद, असं असेल तर बहुधा पहिला. शाळेत बाटलीतलं दूध गोठल्याची आठवण दोन्हींतली असू शकते, कारण १९४६ पासून प्रत्येक मुलाला पाइंटाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे १९० मिलिलिटर दूध फुकट मिळत होतं. गोळ्या-चॉकलेटचं रेशनिंग उठल्याची आठवणही दोन वेळची असते. ते एप्रिल १९४९ मध्ये उठलं, मागणी झेपेना म्हणून ऑगस्टमध्ये परत लागलं आणि ५ फेब्रुवारी १९५३ ला कायमचं गेलं. त्याच वर्षीचा राणी एलिझाबेथचा २ जूनचा राज्याभिषेक पावसात झाला, आणि गावोगावच्या मैदानातल्या मेजवान्या धान्याच्या कोठारांत हलवाव्या लागल्या. अशा पक्क्या तारखांच्या आजूबाजूला बाकीच्या आठवणी लावत गेलं, की सांगणाऱ्याला स्वतःलाच क्रम सापडतो.

‘शाळेला रोज तीन मैल चालत जायचो’ हे वाक्य तपासायला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडचे ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी मोजणी खात्याचे, जुने नकाशे आहेत. ऑनलाइन आहेत आणि फुकट आहेत. मैलाला २५ इंच या प्रमाणाच्या, म्हणजे १:२५०० च्या नकाशात शेतांतल्या पायवाटाही असतात. आज दिसणाऱ्या रस्त्याने अंतर मोजू नये. मुलं पायवाटेने जात, आणि त्यातल्या कित्येक वाटा नांगरल्या गेल्या आहेत. शेतांची नावं हवी असतील तर १८३६ च्या कायद्यानंतर टाइथसाठी, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांश करासाठी, झालेले नकाशे पाहावेत. सोबतच्या यादीत प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, नाव, मालक, कसणारा आणि क्षेत्र असतं. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये (एकरात ४ रूड, रूडात ४० पर्च). ‘हंड्रेड एकर्स’ हे नाव बऱ्याचदा अगदी चिमुकल्या शेताला गमतीने दिलेलं असतं. क्षेत्राचा रकाना न पाहता नावावरून मोठी शेती असल्याचं लिहू नये.

जनगणनेत मुलाच्या धंद्यापुढे ‘स्कॉलर’ लिहिलेलं असतं. ते मूल शाळेत जात होतं याचा पुरावा मानू नका. एकतर घरातल्यांनी सांगितलं तसं ते लिहिलेलं. दुसरं, मोजणी बहुतेक वेळा मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला झाली, तेव्हा सुगी, सरवा, हॉप्स यांतलं काहीच चालू नसे. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना १९४२ मध्ये आगीत जळली आणि १९४१ ची झालीच नाही. तिथे २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदणी उपयोगी पडते. तीत गावात नुकतीच आलेली शहरी मुलंही आहेत, मात्र शंभर वर्षांच्या आत जन्मलेल्यांच्या ओळी मृत्यूची नोंद मिळेपर्यंत झाकलेल्या असतात.

लॉगबुकं बहुधा जिल्ह्याच्या अभिलेखागारात असतात, शाळा अजून चालू असेल तर कधी शाळेतच. शोध घेताना शाळेच्या आजच्या नावाऐवजी पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, नावाने घ्यावा, कारण चर्चची, बोर्डाची, कौन्सिलची अशी शाळेची नावं बदलत गेली. अलीकडची पुस्तकं, त्यात जिवंत माणसांची नावं असल्यामुळे, बंद असू शकतात, म्हणून जाण्याआधी लिहून विचारावं. आत पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी. फोटो काढायची परवानगी आणि फी आधी ठरवावी, आणि प्रत्येक फोटोत पानाचा क्रमांक येईल असं पाहावं. तो सुटला की घरी आल्यावर आठवडा कुठला आणि साल कुठलं हे जुळवण्यात दिवस जातो.

पन्नास वर्षं वरवर चाळण्यापेक्षा एक पूर्ण वर्ष घ्या. तक्त्यात रकाने असे: तारीख, वार, हजर संख्या, हवा, कारण, घराण्याची नावं, आणि शेवटी मूळ शब्द जसेच्या तसे. नव्या हेडमास्तरांच्या पहिल्या दोन महिन्यांवर खूण करून ठेवा. मुलं फार मागे आहेत, शिस्त नाही, असं ते हमखास लिहितात, कारण पुढची प्रगती कुठून मोजायची ते त्यांना ठरवायचं असतं. त्या नोंदींवरून आधीच्या मास्तरांना नालायक ठरवणारे कितीतरी गाव-इतिहास छापले गेले आहेत, आणि तो त्या माणसांवर अन्याय आहे.

एवढी तयारी झाल्यावर मग माणसांकडे जावं, आधी नव्हे. ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करावं. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा. फ्रिज आणि टोले देणारं घड्याळ यांपासून लांब बसावं, आणि सुरुवातीला खोलीची शांतता अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवावी. तास-दीड तासाच्या पुढे एका बैठकीत जाऊ नये. ‘बालपण कसं होतं?’ या प्रश्नाला ‘छान होतं’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी शाळेतून घरात शिरल्यावर पहिल्यांदा काय दिसायचं, पाणी कुठून आणायचं, कोण आणायचं, असं विचारावं. कागदावर गावाचा नकाशा काढायला सांगावं. पोरांनी दिलेली ओढ्याची आणि झाडांची नावं कुठल्याच छापील नकाशात नसतात, ती अशीच हाती लागतात. बोलीतले शब्द सुधारू नयेत. शेतातल्या मधल्या खाण्याला फेन या पूर्व इंग्लंडातल्या सखल पाणथळ भागात ‘डॉकी’ म्हणतात, नॉरफक-सफकच्या ईस्ट अँग्लियात सुगीच्या चार वाजताच्या खाण्याला ‘फोर्सेस’. त्या शब्दावरून माणूस कुठल्या भागातला हे कळतं. तासाभराचं बोलणं उतरवायला सहा ते आठ तास लागतात, तेवढा वेळ राखून ठेवावा.

आणि संमतीपत्र. १९८८ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यानुसार मुद्रित झालेल्या शब्दांवरचा हक्क बोलणाऱ्याचा असतो, मुद्रणावरचा हक्क ते करवून घेणाऱ्याचा. सही मुद्रण ऐकवून झाल्यावर घ्यावी, म्हणजे कुठला भाग बंद ठेवायचा हे सांगणाऱ्याला ठरवता येतं. त्या सहीशिवाय अभिलेखागार ध्वनिफीत ठेवून घेत नाही, किंवा घेतली तरी ती कुणाला ऐकवू शकत नाही.